आमटी हा शब्द चालवून दाखवा

काजूने बिब्ब्याचं नाव पळवलं, ही गोष्ट मी नोकरीत असेपर्यंत दरवर्षी वर्गात सांगत असे. दुपारचा तास, पोरं जेवून आलेली, मागच्या बाकांवर माना डोलायला लागल्या की ही काढायची.

युरोपातले औषधवाले मध्ययुगापासून 'अनाकार्डियम' म्हणत ते आपल्या बिब्ब्याला. ग्रीकमध्ये कार्डिया म्हणजे हृदय; बिब्बा हातात घेतला की नाव कशावरून पडलं ते विचारावं लागत नाही. अरबी वैद्यकाच्या वाटेने तो तिकडे पोचला होता. मग अमेरिका सापडली, ब्राझीलचा काजू पोर्तुगीजांनी इकडे आणला, आणि तिकडच्या पंडितांच्या लक्षात आलं की ही बीसुद्धा तशाच घडणीची, टरफलात कातडी भाजणारं तेल असलेली. झालं, हा पश्चिमेकडचा अनाकार्डियम. १७५३ साली स्वीडिश वनस्पतिज्ञ कार्ल लिनियसने सगळ्या वनस्पतींची दोन-दोन शब्दांची नावं छापली तेव्हा काजू 'अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले' म्हणून कायम झाला आणि मूळ मालक उघड्यावर आला. लिनियसच्या मुलाने १७८२ मध्ये बिब्ब्याची सोय लावली, 'सेमेकार्पस अनाकार्डियम' अशी. सेमेकार्पस म्हणजे खूण करायचं फळ. धोबी बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करायचे, त्यावरून. म्हणजे बिब्ब्याला त्याचं नाव परत मिळालं, पण दुसऱ्या जागेवर. गंमत अशी, की आंबा, काजू, पिस्ता, बिब्बा हे सगळे ज्या कुळात मोडतात त्या कुळाचं नाव आजही 'अनाकार्डिएसी'. आपला आंबासुद्धा बिब्ब्याच्या आडनावाने नांदतो. "थोडक्यात, लिनियसने बिब्बा घातला," असं म्हटलं की वर्ग जागा व्हायचा.

निवृत्तीनंतर ही गोष्ट सांगायला कोणी उरलं नव्हतं, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. माझा भाऊ जर्मनीत असतो. तिथल्या गिम्नाझियममध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेत, अजूनही लॅटिन शिकवतात आणि भाच्याने ते घेतलंय. शाळेत काम दिलं होतं: 'आमच्या घरचं जेवण' या विषयावर लॅटिनमध्ये लिहा. बाकीच्या पोरांनी पाव, चीज, सफरचंद लिहून विषय संपवला असणार. याच्या घरी रविवारी वरणभात, बटाट्याची भाजी, आमसुलाची आमटी. "आत्या, तुला सगळी झाडं लॅटिनमध्ये येतात ना? मग वरणाला काय म्हणतात सांग."

झाडं येतात. जेवण येत नाही. वनस्पतिशास्त्राचं लॅटिन म्हणजे पाट्यांचं लॅटिन. त्यात पानं, केसर, बिया यांच्यासाठी शेकडो विशेषणं आहेत, पण 'वाढ', 'पुरे', 'अजून थोडं घे' यांपैकी काही नाही. आणि त्याच्या शाळेच्या कोशात सिसेरो या रोमन वक्त्याच्या तोंडचे शब्द. सिसेरो हे नावही 'किकेर' म्हणजे हरभऱ्यावरून पडलेलं, पण आमच्या ताटात हरभरा नव्हता. या दोन लॅटिनांच्या मधल्या फटीत आमचं जेवण अडकलं होतं. आम्ही फोनवर, एकेक पदार्थ घेऊन, ते बाहेर काढायला बसलो.

भात सोपा. 'ओरिझा'. रोमन लोकांना तांदूळ ठाऊक होता, पण पूर्वेकडून येणारी महाग वस्तू म्हणून, बराचसा औषधी. होरेसच्या एका उपरोधिक कवितेत ओपिमियस नावाचा कंजूष आजारी पडतो. वैद्य म्हणतो, ही तांदळाची पेज घे. हा विचारतो, केवढ्याला आणली? थोडक्यात. थोडक्यात म्हणजे केवढ्याला? आठ आस, म्हणजे आठ रोमन नाणी. त्यावर तो कळवळतो, की रोगाने मेलो काय किंवा लुबाडणुकीने मेलो काय, फरक काय पडतो! दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये आजाऱ्याला पेज पाजत होते हे ऐकून भाच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला. त्याला पेज आवडत नाही.

तूप पटकन उरकलं. लोण्याला 'बुटिरुम' आहेच, त्याला 'कढवलेलं' असं विशेषण जोडलं. तरी प्लिनी हा रोमन ग्रंथकार काय म्हणतो ते सांगायचा मोह आवरला नाही. लोणी हे रानटी टोळ्यांचं पक्वान्न, त्यांच्यात श्रीमंत कोण नि गरीब कोण ते यावरून कळतं, असं तो लिहितो. ऑलिव्हच्या तेलावर वाढलेल्या माणसाचा तोरा.

वरणाला मात्र घाम फुटला. तुरीचं आजचं शास्त्रीय नाव 'कजानस कजान'. पीक इथलं, याच द्वीपकल्पात माणसाळलेलं. नाव मलय भाषेतल्या 'काचांग'वरून. लिनियसने आधी तुरीला 'सायटिसस'च्या खात्यात टाकलं होतं. सायटिसस म्हणजे व्हर्जिलच्या कवितेत शेळी ज्याच्या मागे धावते ते फुललेलं झुडूप. हे ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे आपण शेळीचं खातो?" मी विषय बदलला. झाड काही असो, शिजवलेल्या डाळीला शब्द हवा होता. रोमन लोक कितीतरी काळ पावावर नव्हे, 'पुल्स'वर जगले, असं प्लिनीनेच नोंदवलंय. पुल्स म्हणजे गव्हाच्या जुन्या जातींची, कधी बाकल्याची, शिजवून घोटलेली लापशी. मला वाटलं, जमलं.

"पुल्स म्हणजे पॉरिज, आत्या. वरण पॉरिज नाहीये." आणि त्याने स्वतःची युक्ती काढली: 'वारानुम'. शेवटी उम लावला की झालं लॅटिन. आता इथे प्राणिशास्त्र आडवं आलं. 'वारानुस' हे घोरपडीच्या प्रजातीचं नाव आहे, अरबी 'वरल'वरून आलेलं. आणि लॅटिनची द्वितीया अशी, की 'वारानुस'ची द्वितीयाही 'वारानुम'च होते. 'वारानुम एदो' या वाक्याचा अर्थ 'मी वरण खातो' असा लावा किंवा 'मी घोरपड खातो' असा लावा, व्याकरण दोन्हीकडून निर्दोष. त्याला इतकं हसू आलं की पलीकडून वहिनी येऊन विचारून गेली काय झालं म्हणून. वरण आम्ही तसंच ठेवलं, घोरपडीसकट.

मिरचीसाठी मी तयार होते, कारण ती माझी आवडती भानगड आहे. 'पिपेर' हा रोमन लोकांचा शब्द, मिऱ्यासाठी. ग्रीकमधून आलेला आणि मुळात आपल्या पिप्पलीचा. प्लिनीला मिऱ्याचा राग होता. नुसता तिखटपणा, बाकी गुण काही नाही, आणि त्यासाठी म्हणे भारतापर्यंत जायचं! तरी त्याने भाव लिहून ठेवले: काळं मिरं पौंडाला ४ दिनार, लांब पिंपळी १५. मग अमेरिकेतून मिरची आली तेव्हा पंडितांनी काय केलं? १५४२ मध्ये जर्मन वैद्य लिओनहार्ट फुक्स याने तिची सुंदर चित्रं छापली आणि तिला कालिकतचं मिरं ठरवलं. तिखट म्हणजे हिंदुस्थान, हा हिशोब. लिनियसने 'कॅप्सिकम' हे वेगळं खातं कायम केलं, पण घोटाळे थांबले नाहीत. 'कॅप्सिकम चायनेन्स' नावाची जात आहे, १७७६ मधली, हाबानेरो मिरची त्यातलीच. जन्म अमेरिकेतला, नाव चीनचं.

आणि आपण तरी काय केलं? मिरी होती, 'मरीच' होतं, म्हणून नव्या तिखटाला म्हटलं मिरची. फुक्सने जे लॅटिनमध्ये केलं तेच आपल्या आज्यांनी पाट्यावरवंट्यापाशी केलं, आणि जास्त नेटकं केलं. एका अक्षरात वेगळेपण दाखवलं आणि पुढे वाटायला लागल्या. बटाट्याच्या बाबतीत आपण तेवढीही तसदी घेतली नाही. पोर्तुगीज म्हणाले बटाटा, आपण म्हटलं बटाटा. मुळात तो कॅरिबियन बेटांवरचा रताळ्याचा शब्द, पण आपल्याला काय त्याचं.

युरोपात याच बटाट्यावरून केवढा खल चालला होता! क्लुसियस नावाचा मोठा वनस्पतिज्ञ होता, त्याला १५८८ च्या जानेवारीत व्हिएन्नामध्ये कोणीतरी दोन कंद पाठवले. त्याने पुढे त्यांना 'पापास पेरुआनोरुम' म्हटलं, म्हणजे पेरूवाल्यांचे पापास. 'पापा' हा तिथल्या लोकांचाच शब्द. दुसरीकडे बाझेलच्या कास्पार बाउहिनने १५९६ मध्ये 'सोलानुम ट्युबेरोसुम' केलं, म्हणजे कंदवाली रिंगणी-कामोणीची बहीण. शास्त्र म्हणून बाउहिनचं बरोबर, बटाट्याचं फूल पाहिलं की पटतं, आणि लिनियसने तेच उचललं. पण निबंध लिहिणाऱ्या मुलाने 'मी आज कंदवाली रिंगणी खाल्ली' असं लिहायचं का? मी भाच्याला 'पापास' घ्यायला लावलं. टोमॅटोचं विचारशील तर 'लायकोपर्सिकम' म्हणजे लांडग्याचं पीच, असं सांगितल्यावर त्याने आईला त्या दिवशीच्या भाजीतून टोमॅटो वगळला असं जाहीर करून टाकलं. सुरण मी यादीत येऊच दिला नाही. ज्यांना त्याचं लॅटिन नाव माहीत आहे त्यांना कारण कळेल. इतकी वर्षं ते मी फळ्यावर लिहून, वाचून न दाखवता पुढच्या वनस्पतीकडे गेलेली आहे.

तुम्हाला वाटेल, कशाला हा खटाटोप, आधुनिक लॅटिनचे कोश असतीलच. आहेत. लॅटिन मेली असं म्हणतात, पण फिनलंडच्या रेडिओवर १९८९ पासून २०१९ पर्यंत दर आठवड्याला लॅटिनमधून बातम्या लागत होत्या. व्हॅटिकनने नव्या शब्दांचा दोन खंडांचा कोश काढला, १९९२ आणि १९९७ मध्ये. त्यात व्होडका म्हणजे 'स्लाव लोकांचं कडक पेय' आणि पॉपकॉर्न म्हणजे 'मक्याचे भाजलेले दाणे', अशी नावं आहेत. मला हे शब्द वाचताना आपल्या सरकारी परिभाषा कोशांची आठवण येते. चूक काही नसते, पण ज्याला भूक लागली आहे तो असं बोलत नाही. पिझ्झाला त्यांनी 'प्लाचेंटा कॉम्प्रेसा' म्हटलंय, म्हणजे दाबलेली प्लाचेंटा.

प्लाचेंटा हा मात्र अस्सल खाण्याचा शब्द. केटोच्या शेतीवरच्या पुस्तकात तिची कृती आहे: पिठाच्या पातळ पोळ्यांचे थर, मध्ये मेंढीचं चीज आणि मध, आणि भाजायचं. आपल्या पुरणपोळीला रोममध्ये याहून जवळचं नातेवाईक मिळणार नाही. अडचण एवढीच, की १५५९ साली रेआल्दो कोलोंबो या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने गर्भाशयातल्या वारेला, ती चपटी गोल दिसते म्हणून, तेच नाव दिलं. तेव्हापासून खाऊचा शब्द दवाखान्यात गेला. होळीला आम्ही प्लासेंटा खातो, हे वाक्य कुठल्याही भाषेत नको, असं भाच्याची आई मागून म्हणाली. ती डॉक्टर आहे.

उरली आमटी, आणि तिच्यातलं आमसूल. तिथे मी खरी रेंगाळले.

कोकमाचं शास्त्रीय नाव 'गार्सिनिया इंडिका'. कोकणात कोणालाही विचारा, गार्सिनिया कशावरून? थोडंफार वाचलेला माणूस सांगेल, गार्सिया द ऑर्ता यावरून. किती योग्य वाटतं! ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, मुंबईचं बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, आणि १५६३ साली गोव्यात त्याचं हिंदुस्थानातल्या औषधींवरचं पुस्तक छापलं गेलं. त्याच्या नावाने कोकम ओळखलं जावं यात काय नवल. पण नाही. लिनियसने ते नाव दिलं लॉराँ गार्सां याच्यासाठी. तो डच कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर, मँगोस्टीन या फळाचं वर्णन करणारा. आमच्या कोकमाशी त्याचा संबंध एवढाच, की ते मँगोस्टीनच्या प्रजातीत बसतं.

ऑर्ताच्या पुस्तकात कोकम आहे, बोराच्या प्रकरणात, 'ब्रिंदांव' या नावाने. आतून रक्तासारखं लाल, फार आंबट, रंगाऱ्यांच्या कामाचं, आणि सालींचं व्हिनेगर करतात, अशी त्याची नोंद. ब्रिंदांव म्हणजे आपलं भिरंड. गोव्याच्या बाजारात कोणा बाईच्या तोंडून त्याने ऐकलं असेल तसं लिहिलं. बोराच्या बाबतीतही 'बेर' आणि 'बोर' दोन्ही, कुठले लोक काय म्हणतात त्यासह. मला हा माणूस आवडतो तो याच सवयीसाठी. त्याला उत्तम लॅटिन येत होतं, तरी त्याने पुस्तक पोर्तुगीजमध्ये लिहिलं, तेही गप्पांच्या रूपात. ऑर्ता आणि युरोपातून आलेला रुआनो नावाचा कल्पित मित्र बोलत बसलेत, मोलकरणीला हाक मारून वस्तू मागवली जाते, मुंबईच्या बेटावरच्या कुळाकडून आंब्यांची टोपली येते. औषधींचं पुस्तक वाचताना मध्येच कोणीतरी आंबा कापतंय.

याच पुस्तकाची प्रत बटाटेवाल्या क्लुसियसच्या हाती पडली. त्याने १५६७ मध्ये अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेप छापला, आणि युरोपने ऑर्ता वाचला तो मुख्यतः या लॅटिनमधून. मूळ गोव्याची प्रत मिळणं दुर्मीळच. क्लुसियसने संवाद काढून टाकले. मोलकरीण गेली, टोपली गेली, रुआनोच्या शंका गेल्या. राहिली झाडं, गुण, टिपा, सगळं नीट मांडून. त्याच्या जागी मीही कदाचित असंच संपादन केलं असतं, विद्यार्थ्यांना नोट्स देताना केलंही असेल. पण क्लुसियसने एक गोष्ट हलवली नाही. इथली नावं त्याने लॅटिनच्या ओळीत जशीच्या तशी बसू दिली. ऑर्ताचं पुढे काय झालं ते कळल्यावर ती नावं वाचताना जास्त बोचतात. ऑर्ता जन्माने ज्यू, कागदोपत्री ख्रिस्ती. तो १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली.

भिरंडाची कथा तिथे संपली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दु पेटिट-थुआर या फ्रेंच वनस्पतिज्ञाने कोकमासाठी चक्क 'ब्रिंडोनिया इंडिका' असं नाव छापलं. भिरंड, ब्रिंदांव, ब्रिंडोनिया. गोव्याच्या बाजारातला शब्द लॅटिनच्या पाटीवर, आणि तोही पहिल्या जागी! पण १८२४ मध्ये स्विस शुआझीने हे झाड गार्सिनियातच मोडतं असं ठरवलं. ते बरोबर होतं. आणि एकदा दोन खाती एक झाली की जुनं नाव राहतं, नवं जातं. गार्सिनिया १७५३ चं, ब्रिंडोनिया नंतरचं. आता ते 'समानार्थी' या रकान्यात, बारीक टाइपात सापडतं.

खरं तर लिनियसला अशी नावं मुळातच आवडत नसत. प्रजातीचं नाव ग्रीक किंवा लॅटिन मुळाचं असावं, बाकी सगळी रानटी, असा त्याचा दंडक होता. म्हणून 'काकाओ' हा मेक्सिकोकडचा शब्द त्याने दुसऱ्या जागेवर ढकलला आणि पुढे ग्रीकमध्ये 'थिओब्रोमा', देवांचं अन्न, असं भरजरी काहीतरी लावलं. पण जिथे त्याला रस होता तिथे पळवाट होती. धोतऱ्याचं 'दातुरा' हे सरळसरळ आपलं धत्तूर आहे. ते लॅटिन 'दारे', देणे, या धातूचं रूप वाटतं, 'देणार असलेली' अशा अर्थाचं. तेवढ्या आधारावर ते चालून गेलं. भूर्जपत्रावर कुळी जुळवून दिल्यासारखं.

माझं मत विचाराल तर रानटी म्हणून हिणवलेली नावंच जास्त खरं बोलतात. सुधारून, जुळवून, ग्रीक पोशाख घालून आलेली नावं अनेकदा पत्ता चुकवतात. चिंचेचं 'टॅमरिंडस इंडिका' घ्या. अरबांनी 'तमर हिंदी' म्हटलं, हिंदुस्थानी खजूर. त्याचं लॅटिन करताना पुन्हा शेपटाला 'इंडिका' लावलं. दोनदा हिंदुस्थान सांगूनही चिंच मूळची आफ्रिकेतली ती आफ्रिकेतलीच. आपलं बोर, जे ऑर्ताने बोर म्हणूनच लिहिलं होतं, ते आज 'झिझिफस मॉरिशियाना' आहे. शबरीच्या बोरांवर मॉरिशसचा शिक्का. कॉफी इथिओपियाची, नाव 'अरेबिका'. आणि हे दुरुस्त करता येत नाही. नाव खोटं ठरलं म्हणून बदलायचं नाही, असाच नियम आहे, आणि तो आवश्यकही आहे, नाहीतर दर पिढी नवी बारशी घालत बसेल. नवी जात छापताना लॅटिनमध्ये वर्णन द्यायची सक्ती २०१२ पासून गेली, इंग्रजी चालतं. आमच्या पिढीने त्या वर्णनांसाठी डोकेफोड केली. नाव मात्र अजून लॅटिनच्या चालीतच लागतं.

मलबारच्या वनस्पतींवरचा एक बारा खंडांचा ग्रंथ आहे, डच गव्हर्नर व्हान रीड याने तयार करवलेला, ॲमस्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ या काळात छापलेला. मजकूर लॅटिन. पण इट्टी अच्युतन या वैद्याने सांगितलेलं मल्याळममधून पोर्तुगीजमध्ये, तिथून डचमध्ये आणि मग लॅटिनमध्ये, असा तो मजकूर फिरत आला. पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचं निवेदन आहे, कोंकणीत, नागरी अक्षरांत. चित्रांवर झाडांची नावं लॅटिनशेजारी मल्याळी, अरबी आणि नागरी लिपीत कोरलेली. विद्यार्थ्यांना मी त्यातली चित्रं दाखवायची तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांची नजर त्या ओळखीच्या अक्षरांवरच जायची. लिनियसने हा ग्रंथ भरपूर वापरला. नावं बरीचशी सोडून दिली.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं नाही, अर्थातच. एवढंच सांगितलं की आमसुलासाठी 'ब्रिंडोनिया' लिही. शास्त्रज्ञांनी ते रद्द केलंय, पण निबंधाला वनस्पतिशास्त्राची नियमावली लागू नाही.

आमटीसाठी माझ्याकडे हुकमी शब्द होता. 'युस'. लॅटिनमध्ये रस्सा, सार, कालवण, सगळ्याला युस. त्याच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ कायदा, त्यामुळे व्हेरेस नावाच्या लाचखाऊ अधिकाऱ्यावरच्या खटल्यात सिसेरोने लोकांचा एक विनोद नोंदवला आहे: 'युस व्हेर्रिनुम'. 'व्हेरेस' म्हणजे डुक्करही, त्यामुळे हा व्हेरेसचा न्यायही आणि डुकराचा रस्साही. आणि मुख्य म्हणजे हा युस आपला सख्खा. संस्कृतातला 'यूष', आयुर्वेदातला मुगाचा यूष, डाळीचं पातळ पाणी, तो आणि हा एकाच मुळाचे. इतकं चांगलं जुळलेलं मला त्या दिवसात दुसरं काही मिळालं नव्हतं. डाळीचा पातळ, आंबट युस. याहून योग्य शब्द शोधून सापडणार नाही.

भाच्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण आत्या, युस कशालाही म्हणता येईल. आमटी फक्त आमटीला म्हणतात."

मी म्हटलं, "बरं. मग आमटी हा शब्द चालवून दाखव." आमच्या वेळी संस्कृतचे सर असंच म्हणायचे, आणि 'देव' शब्द चालवता चालवता आमची सकाळ जायची. मला वाटलं, इथे हा अडकेल; ई-कारान्त शब्द लॅटिनच्या कुठल्या विभक्तीत घालणार?

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. मग तो म्हणाला, मोहरीला लॅटिनमध्ये 'सिनापी' म्हणतात, आणि कोशात लिहिलंय की हा शब्द चालत नाही, सगळ्या विभक्तींत तसाच राहतो. डिंकाला 'गुम्मी', तोही तसाच. बाहेरून आले, तसेच राहिले. मग आमटीपण तशीच. नपुंसकलिंगी.

"मोहरीला तसं चालतं, ती फोडणीत घालतात," मी म्हटलं, उगाच हट्टाने.

"आमटीत पण घालतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अनेकवचनाचं काय, असं एक शेवटचं विचारून पाहिलं.

"कशाला हवंय? एका वेळी आई एकच करते."